आज फळ्यावर कर्ज मांडलं

आज वर्गात कर्ज घेतलं शिकवायला. चक्रवाढ व्याजाचं सूत्र पोरांना पाठ आहे, मुद्दल, दर, मुदत दिली की पटापट उत्तर काढतात, पण खरं कर्ज घ्यायला गेलेल्या माणसाला कुणी सूत्र विचारत नाही, त्याला महिन्याचा हप्ता सांगतात आणि तो परवडतोय असं वाटलं की सही होऊन जाते. ही सवय लागायच्या आधीच मला पोरांना गाठायचंय.

म्हणून एक लाखाचं कर्ज मांडलं, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता बसतो साधारण ९००. मग विचारलं, पहिल्या हप्त्यातले मुद्दलात किती गेले? कुणी म्हणे निम्मे, कुणी म्हणे सगळेच. काढा म्हटलं. लाखावर एका महिन्याचं व्याजच ७५०, म्हणजे मुद्दल कमी झालं फक्त १५० ने! मागच्या बाकावरून लगेच, "सर मग हे फिटणार कधी?" तेच तर पाहिजे होतं मला. कॅल्क्युलेटर घेऊन त्यांनीच शोधलं की निम्मं मुद्दल फिटायलाच जवळपास १४ वर्षं जातात आणि एकूण भरणा होतो २ लाख १६ हजारांच्या आसपास.

मग फ्लॅट रेट. एक लाख, १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष. व्याज सरळ १२ हजार. ऐकायला स्वस्त वाटतं, पण दर महिन्याला मुद्दल फेडत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लागतं. उरलेल्या रकमेवर १२ टक्के लावले तर व्याज होतं ६,६०० च्या आसपास, म्हणजे हा फ्लॅटवाला १२ खरं तर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. दोन्हीकडे आकडा १२ च लिहिलेला, म्हणून हे शिकवलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो, तुमच्या घरी कर्ज आहे का असं वर्गात कधीच विचारत नाही. कुणाच्या घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं, आणि पोराला चारचौघांत मान खाली घालायला लागली तर त्या तासाचा काय उपयोग. आणि कर्ज म्हणजे वाईटच असंही मी सांगत नाही, शिक्षणासाठी, धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाने माणसं उभी राहतात.

तास संपता संपता एका मुलीने विचारलं, ९०० ऐवजी १००० भरले तर? तेही काढलं. २० वर्षांचं कर्ज साडेपंधरा वर्षांत फिटतं आणि ३० हजारांच्या आसपास वाचतात. घंटा झाली तरी चारपाच जण ११०० टाकून बघत बसले होते. उद्या जामीनदार घेणार, दुसऱ्याच्या कर्जावर सही केली की आपण कशाला बांधले जातो ते.