ऋणनिर्देशातला एक शब्द

मुद्रितशोधनात शब्द शुद्ध करण्याचे प्रसंग रोज येतात. पण शुद्ध केलेला शब्दही चुकीच्या माणसापुढे उभा असू शकतो, हे मला एका शाळेच्या स्मरणिकेमुळे कळले.

ऋणनिर्देशाच्या पानावर 'यांच्या औदार्यतेमुळे अभ्यासिका उभी राहिली' असे वाक्य होते. 'शूर'पासून शौर्य आणि 'धीर'पासून धैर्य, तसे 'उदार'पासून औदार्य हे भाववाचक नाम आधीच तयार झालेले असते, त्यामुळे त्याला पुन्हा 'ता' जोडण्याचे कारण नाही. मी 'औदार्यामुळे' असे केले आणि प्रूफ परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी ते देणगीदार स्वतःच छापखान्यात आले. वय ऐंशीच्या पुढचे. "ताई, मी पैसे दिले, त्याला देणगी म्हणा. औदार्य माझ्या धाकट्या भावाचं आहे," ते म्हणाले. अभ्यासिकेच्या जागेवरून दोघे भाऊ अनेक वर्षे कोर्टात भांडले होते; निकाल धाकट्याच्या बाजूने लागला आणि त्यानंतर त्यानेच ती जागा दोघांच्या नावाने शाळेला देऊन टाकली.

मी आधी 'दानत' हा शब्द सुचवला. त्याचे मूळ अरबी 'दियानत', म्हणजे सचोटी. 'दान'शी त्याचे नाते नसले तरी मराठीत तो देण्याच्या वृत्तीसाठीच रुळला आहे. पण धाकट्या भावाने जागेबरोबर आपला विजयही सोडून दिला होता, आणि तेवढे 'दानत' या शब्दात मावेना. तेव्हा मला 'उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्' हे वचन आठवले. आपण नेहमी हा उत्तरार्धच उद्धृत करतो; पूर्वार्ध आहे 'अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम्'. म्हणजे तिथे उदार माणसाच्या विरुद्ध बाजूला कंजूष नाही, हा आपला आणि तो परका असा हिशेब मांडणारा कोत्या मनाचा माणूस आहे. औदार्याचा हाच अर्थ मला सर्वांत खरा वाटतो आणि देणग्यांच्या यादीत तो नेमका हरवतो.

मी अर्थ सांगितला. त्यांनी 'लघुचेतसाम्' पुन्हा म्हणायला लावले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तो मी होतो."

वाक्य बदलले: धाकट्या भावाचे औदार्य आधी, थोरल्याची देणगी नंतर. दोन्ही नावे एकाच ओळीत असावीत असा त्यांचा आग्रह होता, म्हणून त्या ओळीचा टाइप एका पॉइंटने लहान केला.