दक्षिणेकडची दोरी

18 मे 2024, ऑकलंड

पोचले एकदाची. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर ते ऑकलंड दहा, आणि मधला सिंगापूरचा विमानतळ वेगळाच. पाय एवढे सुजले की बूट पिशवीत आणि मी चपलांत.

लेकीने महिनाभर आधीपासून फोनवर दम दिला होता. मध आणायचा नाही, बिया आणायच्या नाहीत, मंजिऱ्या तर अजिबात नाहीत. खायचं जे काही आणशील ते लिहून दे, नाहीतर जागच्या जागी 400 डॉलर दंड. मी एकतीस वर्षं शाळेत काढलेली, फॉर्म भरायला कशाला घाबरते! गोडा मसाला, सुंठ, हळद, सगळं लिहिलं. तपासणीच्या मुलीने मसाल्याची पुडी नाकाशी नेली, हसली आणि परत दिली. अडली ती बुटांपाशी. यवतेश्वरच्या घाटात रोज सकाळी फिरायला जाते तेच बूट, तळव्याच्या खाचांत तांबडी माती बसलेली. ते घेऊन ती आत गेली आणि दहा मिनिटांनी धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली. दुकानातून आणले तेव्हाही इतके स्वच्छ नव्हते. माझ्याबरोबर आलेली साताऱ्याची माती मात्र दारातच राहिली.

21 मे

झोपेचं पार खोबरं झालंय. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे. म्हणजे मी साताऱ्यात रात्री दहाला आडवी होते तेव्हा इथे पहाटेचे साडेचार. शरीर बरोबर त्याच वेळी झोपायला तयार होतं, त्याआधी नाही. आणि सकाळी साडेअकराला डोळे उघडतात, कारण तिकडे पाच वाजलेले असतात! जावई म्हणतात, पूर्वेकडे येताना जास्त त्रास होतो, पश्चिमेकडे जाताना कमी. खरंच आहे. जागरण कोणालाही जमतं, वेळेआधी झोपायला सांगितलं तर जमत नाही. तासामागे एक दिवस धरला तर अजून तीन-चार दिवस असेच.

झोपेचं एक वेळ ठीक आहे, पोटाचं काय करायचं? काल रात्री अडीचला भूक लागली, कडकडून, जेवणाची. हिशेब केला तर घरी आठ वाजलेले, म्हणजे आमटी-भाताची वेळ. अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेले, तर लेक ओट्याला टेकून उभी. नववा महिना, आडवं झालं की छातीत जळजळ. आम्ही दोघींनी दिवा न लावताच मऊ भात केला, वर मेतकूट आणि चमचाभर तूप. ती म्हणाली, "आई, तू आल्यापासून रात्री सोबत झाली." तिला म्हटलं, चार दिवस घे काय सोबत घ्यायची ती, मग मी दहालाच घोरायला लागेन.

24 मे

आज स्वतःचंच हसू आलं. लिहून ठेवते, नाहीतर विसरल्यासारखं करीन.

तीन दिवस धुणं वाळेना. मागच्या अंगणात दोरी आहे, ती सोडून मी घराच्या दुसऱ्या बाजूला, कुंपणाच्या आतल्या अंगाला नवी बांधली. का, तर ती बाजू दक्षिणेची आणि थंडीत ऊन दक्षिणेकडून येतं. साताऱ्यात आमच्या गच्चीवर हे अंगवळणी पडलेलं. इथे मात्र सकाळी घातलेला टॉवेल संध्याकाळी तसाच गार. मी हवेला, दमटपणाला, समुद्राला, सगळ्यांना नावं ठेवली.

आज दुपारी साडेबाराला कपडे चाचपायला गेले आणि सावलीकडे लक्ष गेलं. माझी सावली दक्षिणेकडे पडली होती, आणि माझ्या दीडपट लांब. म्हणजे ऊन उत्तरेकडून.

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला! 'दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तर आकाशातून जातो' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. निघायच्या आठवड्यात तर साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस होता. शेजारच्या पोरांना गच्चीवर नेऊन तांब्या उभा करून दाखवला होता, बघा, सावली तांब्याच्या बुडाखालीच. तोच सूर्य इथे भर दुपारी जेमतेम बत्तीस अंश वर आलेला. ते वाक्य फळ्यावरून हातापर्यंत काही पोचलं नव्हतं.

मग अंगणातली खुर्ची ओढून तासभर तिथेच बसले. इथे सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की पूर्व उजव्या हाताला येते आणि सूर्य उजवीकडून डावीकडे जातो. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ती सूर्याच्या चालीने. या देशात ती चाल उलटी. म्हणून काही मी उलटी प्रदक्षिणा घालणार नाही, पण बराच वेळ तेच डोक्यात घोळत राहिलं.

दोरी सोडली. संध्याकाळी लेकीला सांगितलं तर म्हणाली, "अगं, इथे घराच्या जाहिरातीतच लिहितात, उत्तरेला तोंड असलेलं. तेच घर आधी जातं." हे आधी सांगायला काय झालं होतं?

30 मे

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे काचा पुसणं. घरं लाकडी, बाहेर गारठा, त्यामुळे आतल्या बाजूने काचांना घाम सुटतो. खिडकीमागे एक फडकं रोज चिंब होतं. सव्वापाचला सूर्य मावळतो, त्यानंतर करायचं काय हा प्रश्नच. दुकानात लोक अनवाणी फिरतात, तेही या थंडीत. ते मला फार आवडलं.

दुपारी सँडरिंगहॅमला जाऊन आलो. तिथे आपली दुकानं रांगेने आहेत, ज्वारीचं पीठ मिळालं, ताजं वाटत नव्हतं पण मिळालं. जाताना मात्र घरांच्या कुंपणाच्या भिंती बघून मी थांबलेच. काळा दगड! बेसाल्ट, आपलाच. या शहराखाली पन्नासेक ज्वालामुखी आहेत, शहरातल्या टेकड्या म्हणजे त्यांचीच तोंडं. आपला दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि समोर समुद्रात दिसणारं रांगीटोटो बेट सहाशे वर्षांपूर्वीचं. म्हणजे आपल्याकडे संतांचे अभंग गायले जात होते तेव्हा इथे तो दगड अजून गरम होता. भिंतीला हात लावून बघितला. जावयांनी फोटो काढला, आता तो सगळ्या नातेवाइकांकडे गेला असणार.

13 जून

नात झाली. 9 तारखेला, पहाटे. दोघी सुखरूप.

सुईणबाई घरी येते, तपासते, पैसे घेत नाही, ते सरकार बघतं. शांत बाई आहे. मी बाळाला तेल लावते ते बघत बसली, मधेच एकदा "डोकं जरा कमी चोळा" एवढंच म्हणाली. मी ऐकलं.

काल धुरीचा प्रकार झाला. शेगडी नाही, गोवरी नाही, म्हणून तव्यावर ओवा टाकून जरासा धूर केला. जरासाच! छतावरचं यंत्र असं किंचाळायला लागलं की बाळ राहिलं बाजूला, आम्ही तिघं टॉवेल हलवत उभे. बाळ त्यातही झोपलेलं. आता ओव्याची पुरचुंडी करून तव्यावर गरम करते.

4 जुलै

मागच्या शुक्रवारी सुट्टी होती, मातारिकीची. मातारिकी म्हणजे माओरी लोकांचं नवीन वर्ष, हिवाळ्यात पहाटे एक तारकापुंज पुन्हा दिसायला लागतो तेव्हापासून. 2022 पासून सरकारी सुट्टी आहे. कुठला तारकापुंज म्हणून विचारलं, तर आपल्या कृत्तिका.

आज सहाला बाळ उठलं, तिला शालीत गुंडाळून मागच्या दारी आले. आकाश स्वच्छ होतं. पूर्वेला मृगाचे तीन तारे, आपला बाण. इथले लोकही तिथूनच सुरुवात करतात म्हणे: तीन ताऱ्यांवरून डावीकडे जा, रोहिणी लागेल, तिच्यापुढे मातारिकी. मृग, रोहिणी, कृत्तिका, मीही पोरांना याच वाटेने न्यायची. रोहिणीशेजारी सध्या गुरू आहे, लखलखीत. फक्त व्याध चुकलेला वाटला. आपल्याकडे तो मृगाच्या मागून, खालून वर येतो, इथे उजव्या हाताला त्याच्या बरोबरीने उभा. नातीला सगळं दाखवलं. तिने जांभई दिली.

दुपारी ह्यांचा फोन आला. जेवलात का विचारलं तर म्हणाले, अगं, इथे सकाळचे नऊ वाजलेत, कसला जेवतोय! अजून चुकतेच मी. पालखी दोन-चार दिवसांत नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येईल, जमलं तर लोणंदला जाईन म्हणाले. पाऊस चांगला लागलाय. मी सांगितलं, दुपटी आता उत्तरेच्या दोरीवर घालते, दोन-अडीचपर्यंत कडक वाळतात.

"तुझं बरंय," ते म्हणाले, "इथे आठवडा झाला, माझा बनियन वाळेना. कुठल्या बाजूला घालू?"