भुवईवरची खूण

ताईचा फोटो मी मे महिन्यात काढला. दुपारी पावणेबारा वाजता, नागपुरात महाल भागातल्या मामाच्या गच्चीवर.

नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सांगते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच जिरते. चेहऱ्यावरही तेच होतं. कपाळ आणि भुवया डोळ्यांवर छपरासारख्या येतात, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या उरतात, नाकाची सावली थेट ओठांवर उतरते. मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, म्हणून ही वेळ निवडली. भरपूर उजेड म्हणजे चांगला फोटो, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

फोटो स्थळासाठी होता. ताई म्हणजे माझी मामेबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मामीनं बायोडाटा टाइप करून ठेवला होता, फक्त फोटोची जागा रिकामी होती. घरात कॅमेरा घेतलेली मी एकटीच, तेव्हा काम माझ्याकडे आलं. मला त्याचा फार आनंद झाला होता, हेही सांगायला हवं.

कॅमेरा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला निकॉन डी ५६००, सोबत १८-५५ ची लेन्स आणि एक ५० एमएम. हातात येऊन सहा महिने झाले होते आणि तोवरच्या चुका मी वहीत लिहीत होते. लॅबमध्ये नोंदी ठेवायची सवय लागते, ती इकडे उपयोगी पडली. पहिल्याच पानावर आहे, ‘डोळे धूसर, कान स्पष्ट’. आमच्या लॅबमधल्या एका काकांचा फोटो मी ५० एमएमनं, एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, जेमतेम एक मीटरवरून काढला होता. पडद्यावर छान वाटला, मोठा करून पाहिला तर कानाचे केस मोजता येत होते आणि डोळे वाहून गेलेले. हे का झालं ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. रक्ताची स्लाइड मी रोज सूक्ष्मदर्शकाच्या १०० च्या ऑइल इमर्शन लेन्सखाली बघते, बारीक फोकसचा स्क्रू केसभर फिरला की पेशी नजरेआड होतात. एवढ्या अंतरावरून एफ १.८ ला सगळा मिळून तीन-एक सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. नाकाचं टोक ते कान यातच दहा-बारा सेंटीमीटर जातात. कॅमेऱ्यानं आपोआप जागा निवडली आणि ती कानावर पडली. तेव्हापासून मी फोकसचा एकच बिंदू ठेवते, तो जवळच्या डोळ्यावर धरते, आणि दोन मीटर मागे सरकून लेन्सचं तोंड जरा मिटून एफ ४ लावते.

भाच्याचं नाक भजीएवढं आलं त्याचंही कारण अंतरच होतं. मी १८ एमएम लावून त्याच्या तोंडाजवळ गेले होते. चाळीस सेंटीमीटरवरून पाहिलं की नाक कानापेक्षा जवळजवळ तीस टक्के जवळ असतं, दोन मीटरवरून हाच फरक सहा टक्क्यांवर येतो. फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेले सगळे फोटो हलले, कारण शटर १/४० सेकंदावर, म्हणजे फार संथ होतं. झिरो माइलला मैत्रिणीच्या खांद्यातून दगडी घोड्याचं डोकं उगवलं, कारण मी तिच्याकडे पाहत होते, तिच्या मागे पाहत नव्हते. या चुका एकेकदाच झाल्या. वहीत लिहिल्या, सुटल्या.

गच्चीवरची चूक मी वहीत बरेच दिवस लिहिली नाही.

ताईच्या मागे नुकताच चुना दिलेली पांढरीशुभ्र भिंत होती. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला माणूस कळत नाही. समोर जे काही आहे त्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणून ठेवायची, एवढंच तो करतो. चौकटीत पाऊण भाग पांढरा असेल तर त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळंच खाली ओढतो. भिंत करडी झाली आणि ताईचा चेहरा कोळशासारखा आला. ताई सावळी आहे, तिच्या वडिलांसारखी. पण फोटोतला तो रंग तिचा नव्हता, तो माझ्या चुकीचा होता. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक पायरी वर न्यायचं, म्हणजे कॅमेऱ्याला मुद्दाम जास्त उजेड घ्यायला लावायचं, किंवा स्पॉट मीटर लावून उजेड फक्त चेहऱ्यावरून मोजायचा, एवढंच करायचं होतं. मला ते माहीत नव्हतं आणि मी थांबून विचारही केला नाही.

खाली खोलीत कूलरसमोर बसून आम्ही तिघी फोटो पाहत होतो. मामी म्हणाली, “जराशी उजळ करजो नं बापा. हे लोक आधी रंगच पाहतात.”

ताई काही बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

रात्री घरी मी तो फोटो उजळायला घेतला. आधी सावल्या वर खेचल्या, तर कातडीवर राखेसारखी कणी आली. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं जपणाऱ्या फाइलमध्ये नव्हता, आवळलेल्या जेपेगमध्ये काढला होता, त्यातून किती वर येणार? मग ती कणी झाकायला त्वचा गुळगुळीत केली. मग रंग आणखी दोन छटा वर नेला. मग डाग काढायचं साधन हातात होतंच, तर गालावरचा तीळ ठेवला आणि डाव्या भुवईला आडवी छेदणारी पांढरी रेघ पुसून टाकली. भुवई अखंड झाली. आणि मी तो त्याच फाइलवर सेव्ह केला. मूळ फोटो आता कुणाकडेच नाही.

जूनमध्ये एक कुटुंब ताईला पाहायला आलं. पोहे झाले, बोलणं झालं, आठवड्यानं नकार आला. त्याचं मला काही वाटलं नाही, नकार येतात. पण पुढच्या रविवारी ताई माझ्याकडे आली आणि चहा घेता घेता म्हणाली, “त्या बाईनं मोबाइलवरचा फोटो पाह्यला, मंग मले पाह्यलं, मंग पुन्हा मोबाइल पाह्यला. तिसऱ्यांदा मी खालीच मान घातली.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “माह्या भुवईवरची खूण काहून काढली तू?”

मामीनं सांगितलं म्हणून, असं मी म्हणू शकले असते. पण मामीनं खुणेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी महिनाभर कुणाचा फोटो काढला नाही, फक्त वाचलं. काळ्या-सावळ्या कातडीचे फोटो नीट न येणं ही गोष्ट फार जुनी आहे. फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवायला लॅबना एक कार्ड पाठवायची, त्यावर एक गोरी बाई असायची. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर, असा हिशोब. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया त्या कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. हे वाचताना मला आमच्या कामातली स्टेनिंगची गोष्ट आठवली. रक्ताच्या पेशींना रंग देणारा लीशमन स्टेन जास्त वेळ राहिला आणि पेशी गडद दिसल्या तर आम्ही स्टेनची वेळ तपासतो. पेशंटला दोष देत नाही. गच्चीवरच्या फोटोत मी नेमका पेशंटलाच दोष दिला होता.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या सकाळी मी पुन्हा महालात गेले. दुपारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, तेव्हा रस्ते भरायच्या आत पोचायचं होतं. आभाळ भरून आलेलं, उजेड मऊ, कुठेच धारदार सावली नाही. या वेळी ताईला मी घराच्या दारात, उंबऱ्याच्या जरा आत उभं केलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर आले. तिच्या मागे घरातला अंधार, चेहऱ्यावर गल्लीतला उजेड. खालून थोडा उजेड परतावा म्हणून आजोबांचं जुनं पांढरं धोतर उंबऱ्यापुढे अंथरलं. आता मीटर उलट चुकणार हे मला ठाऊक होतं. मागे एवढा काळोख पाहून तो चेहरा नको तितका उजळवणार. म्हणून स्पॉटवर ठेवून फक्त तिच्या गालावरून मोजलं. आणि रॉ.

“हस नं” असं मी या वेळी म्हटलं नाही. म्हटलं की माणसाचा जबडा आवळतो, हे मी तोवर शंभर फोटोंत पाहिलं होतं. मी फक्त विचारलं, “ताई, ती खूण कशी झाली गं?” एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

ती म्हणाली, अशाच तान्ह्या पोळ्याला. सहा वर्षांची होती, लाकडी बैल दोरीनं ओढत पळत होती, बैल ओट्याच्या दगडाला अडकला, ही दगडावर. “हाच दगड,” म्हणून तिनं मी उभी होते त्या ओट्याकडे बोट दाखवलं. “रक्त पाहून बाबा रडले, मी नाही रडली. मले बैलाचं शिंग मोडल्याचं वाईट वाटत होतं.” तेवढ्यात गल्लीतली दोन पोट्टी चाकांचे बैल खडखडवत गेली, तिनं तिकडे पाहिलं आणि बोट आपोआप भुवईवर गेलं. शटर १/१६०, एफ ४. तो फोटो.

मी त्यात काहीही पुसलं नाही. रंग तिला शेजारी बसवून, तिच्या हाताशी पडद्यावरचा फोटो ताडून जुळवला. तिनं मोठा करून आधी भुवई पाहिली.

बायोडाटात आता तोच आहे. मामीनं तो बराच वेळ धरून ठेवला, मग म्हणाली, “हिच्या बापाचंच तोंड आहे.” मामा जाऊन चार वर्षं झाली.

काल मामीचा फोन होता. येत्या रविवारी तिलाही स्वतःचा एक फोटो काढून हवा आहे, दारातच, सकाळी. साडी कोणती नेसू, विचारत होती. मागे अंधार असेल, तेव्हा काळी किंवा गडद जांभळी नको, मी म्हटलं. मोरपंखी नेस.