चर्चला माती लावायची होती, फॉर्मने केंटकीला नेलं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात स्पॅनिश काळातल्या मातीच्या इमारतींवर हाताने काम करायची हौस असेल तर आधी फॉर्म भरू नका, आधी माणूस गाठा. आज हे शांतपणे लिहितोय, पण एप्रिलमधे कोणी विचारलं असतं तर नुसत्या शिव्या ऐकायला मिळाल्या असत्या.

मी अल्बुकर्कीत नोकरीला, मूळचा बार्शीचा. आमचं जुनं घर माळवदाचं, दर उन्हाळ्यात आजोबा वर पांढरी माती टाकून घ्यायचे. इथली जुनी चर्चेस बघितली, हातभर जाड कच्च्या विटांच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि सपाट धाबं, म्हटलं हे तर घरचंच काम. एका संस्थेचा अशा इमारतींच्या डागडुजीचा व्हॉलंटियर प्रोग्रॅम होता, त्यात नाव टाकलं.

नाव, फोन, टी-शर्टची साइज वगैरे पटापट झालं आणि मग आला बॅकग्राउंड चेक. मागच्या सात वर्षांचे सगळे पत्ते द्या. दिले. बार्शीचा पत्ता टाकला तर पिनकोडच्या चौकटीत पाचच आकडे बसतात, सहावा टाइपच होत नाही, आणि चौकट रिकामी ठेवली तर सबमिटचं बटण करडंच राहतं. देश निवडायची सोय नाहीच. हेल्पडेस्कला मेल केला, उत्तर नाही. परत केला, तर ऑटोमॅटिक उत्तर की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी फोनवर एक जण सापडला, तो म्हणाला शेवटचा आकडा सोडून द्या ना, सिस्टिमला चालतं. सोडला. सिस्टिमला चाललं पण कसं, तर ४१३ ने सुरू होणारे झिपकोड (इथले पिनकोड) केंटकी राज्यात येतात, त्यामुळे मी केंटकीतल्या कुठल्याशा काउंटीत राहत होतो असं ठरलं आणि तिथे माझी काहीच नोंद सापडत नाही म्हणून अर्ज "पुढील तपासणीसाठी" बाजूला! मी पासपोर्टची कॉपी पाठवली, जुनं वीजबिल पाठवलं, त्यावर ते म्हणे कागदपत्रं इंग्रजीत हवीत. वीजबिलावर नाव-पत्ता मराठीत, आता ते नोटरीकडून ट्रान्सलेट करून आणा. अरे मला तुमच्या तिजोरीची किल्ली नकोय, भिंतीला चिखल लावायचाय. आणि दर वेळी माणूस वेगळा, मग केंटकीपासून पुन्हा सगळी कहाणी सांगायची.

(फॉर्म भरायचाच असेल तर आधी विचारा की परदेशातले पत्ते हाताने घालता येतात का, आणि उत्तर लेखी घ्या.)

हे सगळं मी लंचला ऑफिसातल्या एका बाईंना ऐकवत होतो. त्यांचं आजोळ न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, ताओसकडचं. त्या हसल्या आणि म्हणाल्या जूनमधे रँचोस दे ताओसला ये, तिथे फॉर्म नाही, बादली आहे.

तिथलं सॅन फ्रान्सिस्को दे असीस चर्च तुम्ही चित्रात बघितलं असेल, चित्रकार जॉर्जिया ओकीफने त्याची चित्रं काढली, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने फोटो काढले, दोघांनाही मागची बाजू आवडली, आणि भिंतीला टेकू देणारे ते भलेमोठे मातीचे धिरे बघितले की का ते कळतं. बांधकाम १७७२ ते १८१६ च्या दरम्यानचं, म्हणजे इथे स्पेनचं राज्य होतं तेव्हाचं. पुढे मेक्सिको आला, मग अमेरिका, पण माती लावणं गावाकडेच राहिलं. १९६७ मधे मात्र दरवर्षीची कटकट नको म्हणून सिमेंटचा गिलावा केला. सिमेंटला बारीक चिरा पडल्या, पाऊस आणि वितळलेला बर्फ आत शिरला आणि बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे वरून ठणठणीत आणि आतून विटांचा चिखल. १९७९ मधे ते सिमेंट काढून परत मातीवर आले. माती पाणी पिते पण उन्हात सोडूनही देते, वर धुपते ती फक्त तिची कातडी, ती पुढच्या वर्षी नवीन. आमच्या गावात लोक अजून मातीच्या भिंतींना सिमेंट फासतायत, त्यांना हे कोणी सांगा.

गेलो तर कोणी नावसुद्धा विचारलं नाही. चाळलेली माती, वाळू, पाणी आणि गव्हाचं काड, भिजवून ठेवलेलं. चिकणमाती जास्त झाली तर वाळताना तडे जातात, वाळू जास्त झाली तर हाताला भुसभुशीत लागते. एका आजींनी माझा थापी धरलेला हात बघितला, थापी काढून घेतली आणि तळहाताने दाबायला लावलं. आधी भिंत ओली करायची हे पण त्यांनीच सांगितलं, नाहीतर कोरडी भिंत पाणी ओढून घेते आणि नवा थर सुटतो. आजोबा असते तर मला आधीच रागावले असते.

संध्याकाळी हात उचलत नव्हते. उंची जवळपास ७००० फूट, ऊन भाजतं, टोपी आणि पाणी विसरू नका, ग्लोव्ह्ज न्या पण पहिल्या अर्ध्या तासात तुम्हीच काढून टाकाल. तारखा दरवर्षी थोड्या हलतात त्यामुळे निघायच्या आधी चर्चच्या ऑफिसला फोन करा, फोन उचलतात. आणि हो, संस्थेचा मेल आला ऑगस्टमधे, केंटकीतल्या पत्त्याचा पुरावा जोडा म्हणून. अजून जोडलेला नाही.