बोळीतला रविवार

आज सकाळी सातला फावडं घेऊन गल्लीमागच्या बोळीत उतरलो. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्यालय धुळ्यात आणलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, म्हणून आपण मिरवतो. बोळीचा मात्र आपणच उकिरडा केलाय.

गणेश मंडळाची दहा-बारा पोरं, बचत गटाच्या बाया आणि कंबर धरून उभा असलेला मी. दोन ट्रॉल्या कचरा निघाला. सगळ्यात खाली काय सापडावं? थर्माकोलचं मखर. आमच्याच मंडळाचं! पोरं एकमेकांकडे बघायला तयार नाहीत.

बाकडं आणि झाडांच्या जाळ्यांच्या वर्गणीवरून थोडं वाजलंच. तेव्हा कोपऱ्यावरचे काका म्हणाले, "आपल्या पांझरा नदीवर फड पद्धत होती ना रे? बंधारा, पाट, पाण्याच्या पाळ्या, सगळं शेतकरीच आपसात बघायचे. पाटकरी नेमायचे, त्याला धान्य द्यायचे. आणि तुम्हाला शंभर रुपये जड झाले?" खिशातून पहिली नोट त्यांनीच काढली. मग बाकीच्यांना लाजेखातर काढावीच लागली.

दुपारी निंबाची तीन रोपं लागली, भिंतीला चुना झाला. शेवभाजी आणि भाकरी तिथेच, नव्या बाकड्यावर. खरं सांगू, वास अजून पुरता गेला नव्हता, तरी दोन भाकरी जास्तच गेल्या.

संध्याकाळी बघतो तर शेजारच्या आजी खुर्ची टाकून बोळीच्या तोंडाशी बसलेल्या, हातात काठी. "कोन टाकस आते आठे कचरा, मी दखस ना!" म्हणजे, आता इथे कोण कचरा टाकतो ते मी बघतेच!