माळढोक नाही, फिरकी

जैसलमेरचा किल्ला पाहिला, हवेल्या पाहिल्या. त्यावर इतकं लिहून झालंय की माझी भर नको. जवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूत काढलेल्या रात्रीबद्दल मात्र एवढंच सांगते, की 'वाळवंटातली नीरव शांतता' म्हणून साडेतीन हजार रुपये घेतले आणि रात्री साडेअकरापर्यंत डीजे ऐकवला. ते पैसे अजून डाचतात.

मी गेले होते माळढोक पक्ष्यासाठी. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर लहानपणी वडिलांनी लांबून दाखवला होता, तो नेमका आठवतही नाही. आता रानात उरलेत ते दीडशेच्या आतबाहेर, आणि त्यातले बहुतेक या थरच्या वाळवंटात. इथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे तो. दोन पहाटा राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाशी डोळे ताणून बसले. चिंकारा दिसले, गिधाडं दिसली. बस्स.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरलाच माझी दया आली. "मॅडम, देगराय चलो. गोडावण मिला तो मिला, नहीं तो माताजी के दर्शन."

देगरायचं ओरण म्हणजे आपली देवराईच, फक्त घनदाट झाडीऐवजी उघडं माळरान. गवत, केर, बोरडी, मधेच खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दसऱ्याला पुजतो ते झाड समोर उभं आणि मी नाव विचारतेय! देवीच्या नावानं राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला.

गाडीतून उतरले आणि उत्तरेला आकाशात काहीतरी पांढरं-काळं लुकलुकलं. पंख! हात थरथरायला लागले, दुर्बीण फोकस होईना. ड्रायव्हरला खुणेनंच गप्प केलं. मिनिटभर श्वास रोखून पाहत होते. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, वो फिरकी है."

तारेवर लटकवलेली तबकडी. वाऱ्यानं फिरते, उन्हात चमकते, म्हणजे पक्ष्याला तार दिसावी. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं. त्यात दहा-पंधरा किलोचं धूड. तार अगदी जवळ आल्यावर लक्षात आली तरी वळता येत नाही. थरमध्ये अशा धडकांनी वर्षाला साधारण १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. मादी एका वेळी एकच अंडं घालते. हिशेब तुम्हीच करा.

दुर्बीण खाली घेतली तेव्हा कुठे बाकीचं दिसलं. तारांच्या ओळींमागे ओळी, त्यांच्यामागे पवनचक्क्या आणि लांबवर पाण्यासारखी चकाकणारी पॅनेलं. तारांखाली उभं राहिलं की डोक्यावर मधमाश्यांचं मोहोळ असल्यासारखा आवाज येतो. तो फोटोत येत नाही.

तिथेच एक उंटवाले काका भेटले. मला "बाईसा" म्हणत होते. खेजडीच्या सावलीत बसायला त्यांनी स्वतःचा पटका अंथरला, लोट्यातून चहा दिला. उंटिणीच्या दुधाचा, किंचित खारट. मला आवडला. माश्या फार होत्या, म्हणून बोलता बोलता मी शेजारच्या बोरडीची एक डहाळी मोडली. कट्‌.

काका बोलायचे थांबले. रागावले नाहीत. "बाईसा, ओरण में नहीं तोड़ते." एवढंच. मी ओशाळून ती झाडाच्या बुंध्याशी ठेवली, जणू ती परत चिकटणार होती. समोर क्षितिजापर्यंत लोखंडी मनोरे उभे, आणि आमच्यात शरमेचा विषय काय, तर वीतभर डहाळी.

त्यांना विचारलं, देवीची जमीन कंपन्यांना मिळाली कशी? म्हणाले, कागदावर ती देवीची नाहीच. ओरणाची पुष्कळशी जमीन महसुली नोंदीत ओरण म्हणून चढलेलीच नाही; तिथे ती 'बंजर'. पडीक. हा शब्द मला ओळखीचा होता. आपल्याकडेही माळाला पडीकच म्हणतात, आणि मग माळढोकाच्या नावातला माळ राहतो कुठे?

आता माझी पंचाईत सांगते. मी सौरऊर्जेची कट्टर समर्थक. गच्चीवर पॅनेलं बसवून नातेवाइकांना बिलं दाखवत फिरणारी. देशाला २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणारी, वीजक्षमता उभारायची तर ऊन आणि मोकळी जमीन लागणार, आणि थरइतकी ती आहे कुठे? एकट्या भडल्याचा सौर पार्क २,२४५ मेगावॅटचा आहे. कोळसा जाळूनही माळढोक वाचणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये माळढोकाच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. ते क्षेत्र निघालं सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर. जास्त दाबाची एसी वीज लांबवर केबलमधून नेली तर केबल स्वतःच सतत भारित होत राहते आणि त्यातच तिची वीज वाहायची क्षमता खर्च होते; शिवाय पैसा कैक पट. २०२४ मध्ये न्यायालयानं तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. मला तेही पटलं. म्हणजे दोन्ही वेळा मीच टाळ्या वाजवणारी.

पण कुंपण कुठून घालायचं, ओढा अडतो का, झाडं तुटतात का, हे ठरवताना या काकांना विचारायला काय खर्च येतो? १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीला खेजडीची तोड रोखताना बिष्णोई समाजाच्या ३६३ जणांनी जीव दिला. त्याच मुलखात आता सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडतात म्हणून बिष्णोई धरण्याला बसले.

काका पॅनेलवर चिडलेले नव्हतेच. त्यांच्या झोपडीवरही एक आहे, मोबाइल त्यावरच चार्ज होतो. तक्रार एकच: उंट सकाळी ज्या वाटेनं तळ्यावर जायचे तिथे आता तारेचं कुंपण आहे. चार-पाच किलोमीटरचा वळसा.

"उंटांना पाठ झाली का नवी वाट?" मी विचारलं.

"मला झाली," ते म्हणाले. "म्हातारी सांडणी रोज कुंपणापाशी जाऊन उभी राहते. मग मी तिला आणायला जातो."

निघताना काळोख पडत होता. पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागले, एकदम विझले. काका कुंपणाच्या दिशेनं चालत गेले होते.