प्रिंटर, नवीन राउटर अन् आप्पांचा सातबारा

मागच्या आठवड्यात आमच्याकडे फायबर आलं. म्हणजे नेट आधीपण होतं, पण ते जुनं तांब्याच्या वायरीचं, पाऊस आला की बंद आणि एरवी रडतखडत, त्यामुळे गल्लीत फायबर ओढायला सुरुवात झाली तसा मी पहिला नंबर लावून टाकला. एक पोऱ्या आला, शिडी लावली, भिंतीला भोक पाडलं, कुलरच्या मागे जो एक मोकळा प्लग होता तिथेच नवीन राउटर अडकवला, मोबाईलवर स्पीड दाखवला, चांगलं रेटिंग द्या भाऊ म्हणाला आणि गेला. चार मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप सगळं पटापट जोडलं गेलं. मागच्या खोलीतला प्रिंटर कोणाच्या ध्यानातच नाही.

तो ध्यानात आला शनिवारी, आप्पा गावावरून आले तेव्हा. विकास सोसायटीच्या पीककर्जाला डिजिटल सहीचा सातबारा पाहिजे होता, तो मी १५ रुपये भरून मोबाईलवर काढून ठेवलेलाच होता, फक्त प्रिंट द्यायची होती. आप्पांची परतीची एसटी चारची. मी म्हणलं दोन मिनिटाचं काम आहे, बसा, पाणी घ्या. तेव्हा वाजले होते साडेअकरा.

लॅपटॉपवर प्रिंट दिली तर 'ऑफलाईन'. परत दिली. परत ऑफलाईन. प्रिंटरवर वायफायचा दिवा टिकटिक टिकटिक, शाईच्या टाक्या भरलेल्या, कागद लावलेला, सगळं ठीक, पण साहेब काही बोलायला तयार नाहीत. तेव्हा उजेड पडला की हा बिचारा अजून जुन्याच राउटरला शोधून राहिलाय, जो कपाटावर धूळ खात पडलाय. बायको म्हणाली अहो केबल लावा ना. बरोबर होतं तिचं, ती चौकोनी तोंडाची यूएसबी केबल लावली की कुठल्याही राउटरचं तोंड बघायची गरज नाही, पण केबल सापडेना. मग म्हणाली चौकात झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपयात होईल. आता अमळनेरात मे महिन्यात दुपारी बारा वाजता चौकात जायचं म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, आणि खरं सांगायचं तर ऊन हे निमित्त होतं, घरात प्रिंटर असताना झेरॉक्सवाल्याकडे जाणं माझ्या जिवावर आलं होतं.

आमच्या प्रिंटरला स्क्रीन नाही, नुसती बटणं. त्यामुळे पासवर्ड टाकायचा कुठे हाच पहिला प्रश्न. त्यासाठी डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, राउटरवरचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटाच्या आत प्रिंटरचं दाबायचं, दोघं आपापसात ठरवून घेतात, पासबिसवर्ड काही लागत नाही. राउटर पुढच्या खोलीत, प्रिंटर मागच्या, आणि मधे आमच्या जुन्या धाब्याच्या घराची मातीची भिंत, दोन फूट तरी जाड असेल. पोराला राउटरपाशी उभा केला. "पप्पा, दाबू का?" "दाब!" "दाबलं!" मग मी इकडे दाबून धरायचं. असं चार वेळा झालं. आप्पा खाटेवरून एकदा इकडे एकदा तिकडे बघून राहिले, शेवटी म्हणाले, "काय व्हयनं रे भो?" काही नाही आप्पा, होतंय.

मग मोबाईलचं ॲप लावलं. त्यात असं असतं की प्रिंटर थोड्या वेळासाठी स्वतःचंच एक वायफाय सोडतो, मोबाईल त्याला जोडायचा आणि मोबाईलवरून घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड प्रिंटरच्या कानात सांगायचं. यात दोन ठिकाणी माझा अर्धा तास गेला. एक म्हणजे लोकेशन चालू नसलं तर ॲपला प्रिंटर दिसतच नाही, परवानगी द्यावी लागते. दुसरं म्हणजे प्रिंटरच्या वायफायवर इंटरनेट नसतं, त्यामुळे मोबाईल हुशारी करून ते सोडतो आणि गुपचूप मोबाईल डेटावर जातो, मग ॲप म्हणतं प्रिंटर सापडला नाही. मोबाईल डेटा बंद करून टाकला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली आणि पुढे जाऊन पासवर्ड टाकल्यावर परत फेल.

इथे माझं डोकं आउट झालं आणि मी नको ते केलं, प्रिंटरचं नेटवर्क पूर्ण रिसेट मारलं. ते किती महागात पडलं ते पुढे येतं.

बरं, एक काम चांगलं केलं. या प्रिंटरला बटण दाबून धरलं की तो आपली नेटवर्कची कुंडली स्वतःच कागदावर छापून देतो. हे वायफाय नसलं तरी चालतं, कारण छापायला तर त्याला कोणाची गरज नाही. बहुतेक प्रिंटरला ही सोय असते, बटण वेगवेगळं असतं, ते त्याच्या पुस्तकात बघा. त्या कागदावर साफ लिहिलेलं होतं की सिक्युरिटी मोड जुळत नाही. म्हणजे पासवर्ड बरोबर होता, भांडण भलतंच होतं.

झालं असं होतं की नवीन राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला. हे वायफायचं नवीन कुलूप २०१८ मधे आलं आणि आमचा प्रिंटर जुन्या डब्ल्यूपीए२ वाला, त्याला हे कुलूप उघडताच येत नाही. आणि डब्ल्यूपीए३ असलं की ती डब्ल्यूपीएसची बटणवाली सोयच चालत नाही, म्हणजे मी अन् पोरगा चार वेळा जे "दाबू का - दाब" करत होतो तो सगळा तमाशा फुकट. वरून या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचे दोन पट्टे, एकाच नावाने चालू. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ वरच चालतात, स्वस्तातली चिप असते, आणि प्रिंटरला काय पिक्चर बघायचेत का भो, चार पानं यायला २.४ पुष्कळ झालं. तसंही ५ वालं वेगवान असलं तरी भिंतीत लवकर दम सोडतं, आमच्या मातीच्या भिंतीपलीकडे ते पोचणार कुठून. एक नाव असूनपण बऱ्याचदा प्रिंटर बरोबर जुळतो, पण कधी कधी नाही जुळत, म्हणून मी वेगवेगळे करूनच टाकले.

ते करायला राउटरच्या आत जावं लागतं. ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाकलं, राउटरच्या बुडाला स्टिकर असतो त्यावरचा पासवर्ड टाकला (स्टिकर वाचायला राउटर उलटा केला तर प्लग ढिला झाला, नेट गेलं, टीव्हीसमोरून मुलगी ओरडली, असो). तिथे २.४ चं नाव वेगळं दिलं, सिक्युरिटीला डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस निवडलं. आणि तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटली की या २.४ ला जर आपल्या जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर प्रिंटरला राउटर बदलल्याचं कळणारच नाही, तो आपोआप येऊन जुळेल! आहे की नाही आयडिया? एकदम बरोबर आयडिया आहे, तुम्ही राउटर बदलणार असाल तर सगळ्यात आधी हेच करा. फक्त माझ्या प्रिंटरला जुनं काहीच आठवत नव्हतं कारण तासाभरापूर्वी मीच त्याला रिसेट मारलेला.

मग परत पोराला उभा केला. या वेळी कुलरपण बाजूला सरकवला, लोखंडी पत्र्याचा डबा आणि त्यात पोटभर पाणी, पत्रा अन् पाणी दोन्ही वायफायला आडवे येतात, त्याच्या मागे राउटर लावणाऱ्याला काय म्हणावं. कुलर सरकवला म्हणून आप्पांचा वारा गेला, ते उठून दारात बसले. "दाबू का?" "दाब!" आणि दिवा टिकटिक करता करता थांबला, सरळ निळा. पोरगा नाचायला लागला.

लॅपटॉपवर बघतो तर अजून ऑफलाईन! अडीच वाजलेले.

पण आता मी शांत होतो कारण कुंडलीचा दुसरा कागद काढला, त्यावर प्रिंटरचा घरच्या नेटवर्कमधला नवीन पत्ता होता, १९२.१६८.१.७. तो ब्राउझरमधे टाकला तर प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, शाई किती आहे वगैरे. म्हणजे रस्ता चालू आहे. घोळ लॅपटॉपमधे होता. जुना राउटर १९२.१६८.०. वाले पत्ते वाटायचा आणि विंडोजमधे प्रिंटरचा जो पोर्ट असतो, म्हणजे प्रिंट कुठे पाठवायची त्याची नोंद, त्यात तोच जुना पत्ता अजून लिहिलेला. बैल विकत घेतला की चार दिवस जुन्या मालकाच्या गोठ्याकडेच ओढतो ना, तसं. प्रिंटर प्रॉपर्टीजमधे जाऊन पोर्ट्स, तिथे ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी आयपी, नवीन पत्ता टाकला, ओके दाबलं. पोर्ट नको वाटत असेल तर प्रिंटर काढून टाकून परत ॲड केला तरी होतं. आणि तरी दिसत नसेल तर लॅपटॉप चुकून गेस्ट नेटवर्कला, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला, तर नाही ना ते बघा, तिथे बहुतेक ठिकाणी एकमेकांची भेटच होऊ देत नाहीत.

खर्रर्र आवाज आला. सातबारा बाहेर. मी तो हातात घेऊन वळलो तर मागून दुसरा. मग तिसरा. सकाळपासून मी, बायको आणि मधूनच पोरगा असं ज्याने त्याने जेवढ्या वेळा प्रिंटचं बटण दाबलं होतं तेवढे सगळे रांगेत दबा धरून बसलेले, नऊ सातबारे आले. आप्पांनी दोन घडी घालून खिशात ठेवले, बाकीचे मी टाकायला निघालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कामले येतीन." कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचा हिशोब लिहिणार असतील.

एसटी मिळाली त्यांना. संध्याकाळी परत राउटरमधे जाऊन मी त्या पत्त्याला प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळख नंबरावर, कायमचं बांधून टाकलं, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात त्याला. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा तरी जाते, दर वेळी राउटर नव्याने चालू होणार आणि प्रिंटरला भलताच पत्ता दिला तर परत हीच वरात.

रात्री बायको मुलीच्या ड्रेसची लेस शोधत होती. दिवाळीच्या माळांचा डबा उघडला तर त्यात यूएसबी केबल. काही बोलली नाही, आणून प्रिंटरवर ठेवली आणि झोपायला गेली.